रण, तह आणि अंमल

‘रणात जिंकलो, तहात हरलो’ हे वाक्य मराठी माणसाला इतिहास शिकायच्या आधीच पाठ झालेले असते. भावकीच्या वाटण्यांपासून ताश्कंदपर्यंत ते कुठेही वापरले जाते. त्यात तक्रार असते आणि थोडा अभिमानही असतो: मनगटात आम्ही कमी नव्हतो, कागदाने घात केला. लष्करी इतिहासाचे अभ्यासक या वाक्याकडे कसे पाहतात, गेल्या दोनशे वर्षांत त्यांच्यात कोणते मतभेद झाले आणि आज हा वाद कुठे येऊन थांबला आहे, याचा आढावा येथे घ्यायचा आहे.

त्यासाठी उरणजवळच्या जासई गावापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. अटल सेतू जेथे जमिनीला टेकतो ते चिर्ले जासईच्या शेजारी आहे आणि न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर रात्रंदिवस याच भागातून जातात. अडीचशे वर्षांपूर्वी उरण-करंजा हे बेट मानले जाई आणि जासई त्याच्या ईशान्येला, मुख्य भूमीच्या अंगाला होती. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तिन्ही सत्तांचे डोळे या पट्ट्यावर होते. तो कोणाचा हे ठरवताना तोफा जेवढ्या वाजल्या, तेवढीच कलमेही लिहिली गेली.

१. करंजाचा हिशेब

१७३७ ते १७३९ या काळात चिमाजीअप्पांच्या मोहिमेने साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली. करंजाही मराठ्यांच्या हाती आले. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी, वसई आणि बंदराच्या तोंडावरची बेटे हवी होती. त्यांच्याशिवाय मुंबई बंदर सुरक्षित नव्हते आणि शहराला लागणारे धान्यही हाताशी नव्हते. नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्यानंतरचे बारभाईंचे राजकारण यांनी त्यांना संधी दिली. डिसेंबर १७७४ अखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. साष्टीबरोबर करंजाही गेले.

पुढची आठ वर्षे म्हणजे तहांची मालिकाच आहे. मार्च १७७५ मध्ये सुरतेला पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या राघोबांनी (रघुनाथरावांनी) साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. कलकत्त्याच्या कौन्सिलला मुंबईकरांचा हा उद्योग मान्य नव्हता, म्हणून कर्नल अप्टन पुण्याकडे आला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात राघोबांचा पक्ष सोडायचे ठरले, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मुंबईकरांनी हाही तह मनापासून पाळला नाही. नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबांना घेऊन त्यांची फौज पनवेलमार्गे बोरघाटाकडे निघाली.

ती मोहीम मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. सुमारे चार हजारांची फौज आणि ग्रँट डफच्या सांगण्यानुसार एकोणीस हजारांवर बैल. एवढा पसारा घेऊन घाटमाथ्यावरून दिवसाकाठी कोसभरही चाल होईना. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, तोच ‘इष्टुर फाकडा’. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. वाटेतली दाणावैरण नष्ट केली आणि तळेगाव जाळले. इंग्रज माघारी वळले तेव्हा त्यांना वडगावला कोंडले. जानेवारी १७७९ च्या मध्यावर झालेल्या करारात इंग्रजांनी राघोबांना स्वाधीन करण्याचे, १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देण्याचे आणि बंगालहून येणारी फौज मागे वळवण्याचे कबूल केले. दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले.

म्हणजे वडगावला मराठे रणात जिंकले आणि तहातही जिंकले. तरीही करंजा परत आले नाही. करार करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे म्हणत मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या इंग्रजांनी तो नाकारला. गॉडार्डच्या हाताखालची हीच बंगालची फौज सुरतेला पोहोचली. १७८० मध्ये अहमदाबाद, ग्वाल्हेर आणि वसई एकामागून एक पडली. १७८१ च्या वसंतात हाच गॉडार्ड बोरघाटातून पनवेलपर्यंत हटला, तेव्हा हरिपंत, तुकोजी आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची वाट रक्ताळून टाकली. अखेर १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई पेशव्यांना परत मिळाली. साष्टी, घारापुरी, करंजा आणि आणखी एक छोटे बेट इंग्रजांकडे राहिले.

पुढचा सगळा वाद या आठ वर्षांच्या छायेत चालतो. म्हणून हा हिशेब आधी मांडला.

२. साधने शोधणारी पिढी

या प्रश्नावरचे पहिले मोठे लेखन इंग्रज अधिकारी ग्रँट डफ यांचे. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मूळ कागद पाहिले होते, अनेक सरदार घराण्यांशी बोलणे केले होते, आणि लढायांचे तपशील आजही त्यांच्याकडूनच घ्यावे लागतात. पण मराठ्यांची सत्ता म्हणजे लूट आणि आपसातील फूट, हा त्यांच्या मांडणीचा कल होता. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने डफच्या ग्रंथावर टीका वाचली, तेव्हापासून मराठीत या प्रश्नाचा स्वतंत्र विचार सुरू झाला.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला सुरुवात केली. त्यांच्या मते पराभवाचे मूळ रणांगणापलीकडे, भौतिक शास्त्रांच्या उपेक्षेत होते. युरोपीय लोक शस्त्रे बनवत होते, नकाशे काढत होते, निसर्गाचे नियम शोधत होते. आपण ती शस्त्रे विकत घेत होतो. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांचा पत्रव्यवहार छापला आणि मोहिमेतल्या रोजच्या अडचणी पहिल्यांदाच दिसू लागल्या: पगार थकला, वैरण संपली, अमुक सरदार उशिरा पोहोचला. गो. स. सरदेसाई यांनी ‘मराठी रियासत’ लिहिली, पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले आणि जदुनाथ सरकारांच्या साथीने पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहारही प्रकाशात आणला. आपल्या आणि शत्रूच्या दोन्ही बाजूंची पत्रे समोरासमोर ठेवण्याची सोय अभ्यासकांना यामुळे झाली.

याच पिढीत सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा ग्रंथ १९२८ मध्ये आला. शिवकाळात शिपायाला रोख पगार होता आणि फौज एका हुकमतीखाली होती. पुढे सरंजाम वाढले, सरदारांच्या स्वतंत्र फौजा झाल्या, परके भाडोत्री शिपाई आले आणि सैन्याचा एकजीवपणा गेला, अशी त्यांची मांडणी होती. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतच्या अभ्यासात आणखी एक दिशा दाखवली. त्यांनी १७६१ ची लढाई नदी, रस्ते, रसद आणि उत्तरेतील सत्तांचे संबंध यांच्यात बसवून वाचली. सेनापतीच्या एखाद्या दिवसाच्या चुकीवर सगळा पराभव टाकण्याची जुनी सवय त्यांच्यामुळे बरीच सुटली.

या पिढीत मतभेद पुष्कळ होते, पण कारण मराठ्यांच्या आतच शोधायचे यावर बहुतेकांचे एकमत होते. फूट, सरंजाम, शास्त्राची उपेक्षा, नेतृत्वाचा अभाव असे शब्द वेगवेगळे असले तरी रोख तोच होता.

३. तोफ, कवायत आणि १८०३

दुसऱ्या टप्प्यात प्रश्न जगाच्या इतिहासाशी जोडला गेला. १९५५ मध्ये मायकेल रॉबर्ट्स यांनी युरोपातील ‘लष्करी क्रांती’ची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये जेफ्री पार्कर यांनी ती व्यापक केली. कवायती पायदळ, तोफखाना, तोफांना तोंड देणारे किल्ले आणि या सर्वांचा खर्च उचलणारे राज्य, यांतून युरोपला जगावर वर्चस्व मिळाले, असा तिचा आशय. मग विचारले गेले की मराठ्यांना ही क्रांती कळली नाही, की कळली पण पचली नाही?

याला तीन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर जुने आहे. आल्फ्रेड लायल यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांच्या मते मराठ्यांनी गनिमी कावा आणि घोडदळ सोडून कवायती पलटणी उभारल्या, हीच चूक. शत्रूच्या पद्धतीने लढायला गेले आणि शत्रूच्या मैदानात हरले. मराठी वाचकांतही हे मत लोकप्रिय आहे. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवले, ते वेगवान घोडदळाच्या जोरावर, हा दाखला त्यासाठी दिला जातो.

दुसरे उत्तर स्टुअर्ट गॉर्डन यांच्या लेखनातून येते. अठराव्या शतकातील भारतीय राजांनी युरोपीय पद्धतीच्या पलटणी घेतल्या खऱ्या, पण त्या पोसायला दरमहा रोख रक्कम लागते. त्यासाठी महसुलाची आणि सरदारांच्या हक्कांची घडी बदलावी लागते. ती पूर्ण बदलली नाही. घोडदळाचा शिपाई सुगीनंतर मोहिमेवर निघून पावसाळ्यात गावी परतू शकत होता. कवायती पलटण बाराही महिने पगार मागते. म्हणजे नवे शस्त्र आले आणि त्याला पोसणारे घर जुनेच राहिले.

तिसरे उत्तर रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये दिले. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धातील मोहिमांचा त्यांनी दारूगोळ्यापासून बैलांपर्यंत हिशेब मांडला. त्यांच्या मते शिंद्यांचा तोफखाना आणि पायदळ कोणत्याही अर्थाने मागासलेले नव्हते. द बॉयन्य यांनी महादजींसाठी उभारलेल्या पलटणी आणि आग्र्याचा तोफांचा कारखाना ही त्याची साक्ष. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्ली जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकूनही असईची लढाई आपली सर्वांत कसाची लढाई होती, असे तो उत्तरायुष्यात मानत असे, असे सांगतात.

मग हार का झाली? कूपर यांचे उत्तर असे की इंग्रजांनी शिपायांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बाजारावर ताबा मिळवला. शिंद्यांच्या नोकरीतील युरोपीय अधिकाऱ्यांनी नोकरी सोडल्यास इंग्रज त्यांची सोय करतील, असा जाहीरनामा युद्धाच्या तोंडावर निघाला. कित्येक अधिकारी निघून गेले आणि सेनापती पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. फौज होती, तोफा होत्या. हुकूम देणारे नव्हते. आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. १७७९ मध्ये मुंबईकरांचे एकोणीस हजार बैल बोरघाटात ओझे झाले. १८०३ मध्ये वेलस्लीकडे म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे चपळ बैल होते आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे त्याच्याबरोबर चालत होते. ही दोन्ही साधने दख्खनचीच होती.

तिन्ही उत्तरांवर आक्षेप आहेत. पहिले उत्तर मुकुंदऱ्याला लागू पडते, पण १७६१ ला आणि असईच्या निकराला लागू पडत नाही. दुसरे उत्तर महसुलाची रचना चांगली समजावते, पण महादजींनी दहा-बारा वर्षे पलटणी कशा पोसल्या हे त्याला सांगावे लागते. कूपर यांच्यावर असा आक्षेप घेतला जातो की पैशाचा मुद्दा उचलताना ते रणांगणावरील इंग्रजी शिस्तीला आणि धाडसाला कमी लेखतात.

४. फितवा, हुंडी आणि वकील

पैशाचा मुद्दा आला की मुत्सद्देगिरी मागोमाग येते. या भागात गेल्या चाळीस वर्षांत सर्वाधिक नवे काम झाले आहे.

‘फितवा’ हा शब्द आपण फक्त विश्वासघात या अर्थाने वापरतो. आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये वेगळा अर्थ सुचवला. अठराव्या शतकात निष्ठा बदलणे, दोन्ही बाजूंशी बोलणी चालू ठेवणे, वतनाच्या हमीसाठी पक्ष बदलणे हा राजकारणाचा नेहमीचा व्यवहार होता आणि मराठ्यांचा स्वतःचा विस्तारही मोगलांच्या सरदारांना असेच फोडून झाला. टीकाकारांचे म्हणणे असे की यामुळे सगळ्या निष्ठा सारख्याच ठरतात. त्या काळच्या पत्रांत ‘स्वामिद्रोह’ आणि ‘निमकहरामी’ हे शब्दही तितक्याच जोराने येतात. वाद मिटलेला नाही, पण फितुरीची यादी देऊन पराभव समजावणे आता पुरेसे मानले जात नाही.

दुसरा धागा हुंडीचा. लक्ष्मी सुब्रमण्यन यांनी पश्चिम किनाऱ्यावरील सावकारांच्या अभ्यासातून दाखवले की सुरतेच्या पेढ्यांच्या हुंड्यांनी कंपनीला रोकड पोहोचवली. मुंबईची तिजोरी रिकामी असली तरी बंगालचा महसूल हुंडीच्या वाटेने इकडे येत असे. एकाच कंपनीच्या तीन इलाख्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, पण पैसा आणि फौज ते एकमेकांकडे सरकवू शकत होते. मराठ्यांच्या बाजूला पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांची तिजोरी वेगळी आणि कर्जही वेगळे.

तिसरा धागा वकिलांचा. मायकेल फिशर यांनी इंग्रज रेसिडेंटांच्या व्यवस्थेचा आणि सी. ए. बेली यांनी बातमीच्या जाळ्याचा अभ्यास केला. पुण्याचे कारभारी नाना फडणवीस यांचे वकील आणि बातमीदार दरबारोदरबारी होते. १७८० मध्ये निजाम, हैदर अली, भोसले आणि पुणे यांना एका बाजूला आणणे ही त्यांची मोठी कामगिरी. इंग्रजांनी हे जाळे तोडण्याऐवजी त्यात शिरकाव केला. १७८६ पासून पुण्यात मॅलेट रेसिडेंट म्हणून बसला आणि दरबारातली बातमी नियमितपणे कलकत्त्याला जाऊ लागली.

सालबाईच्या तहाचे मूल्यमापन या तिन्ही धाग्यांनी बदलले. एका बाजूचे म्हणणे: महादजींनी १७८१ मध्येच इंग्रजांशी वेगळी बोलणी केली आणि पुण्याचा हात कमजोर झाला, हैदरसारखा मित्र तहात वाऱ्यावर सोडला गेला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे: ग्वाल्हेर गेल्यावर आणि माळव्यात फटका बसल्यावर महादजींना वेळ हवा होता, आणि त्याच वेळेत त्यांनी उत्तरेत मोठी सत्ता उभी केली. नानांनी तहावर शेवटचा शिक्का हैदरच्या मृत्यूनंतर दिला. या विलंबाकडे कोणी दूरदृष्टी म्हणून पाहते, कोणी हतबलता म्हणून. सालबाईने सुमारे वीस वर्षे शांतता दिली, यावर मात्र दोघांचे एकमत आहे. त्या वीस वर्षांचा उपयोग कोणी अधिक केला, हा खरा वादाचा विषय.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाबद्दल मतभेद कमी आहेत. दुसऱ्या बाजीरावाने सहा हजारांचे इंग्रजी पायदळ स्वतःच्या खर्चाने ठेवायचे आणि त्यासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा, असे त्यात ठरले. हा तह लढाईनंतर झाला, पण ती लढाई इंग्रजांशी नव्हती. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांचा पराभव केला होता. येथे रणात एक हरला आणि तहात सगळेच हरले.

५. समुद्राची बाजू

जासईच्या वाचकाला पटण्याजोगा आणखी एक मुद्दा म्हणजे आरमार. १६७९ मध्ये थळच्या समोर खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे वारा नसलेल्या उथळ पाण्यात अडकली आणि मराठ्यांची छोटी गलबते रात्रीतून रसद पोहोचवत राहिली. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तोडगा स्वीकारला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या एकत्र हल्ल्यालाही तोंड दिले.

वाद आहे तो १७५६ चा. पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि फेब्रुवारीत विजयदुर्गच्या बंदरात तुळाजींचे आरमार जळाले. स्वतःचे आरमार स्वतः बुडवले, ही मराठीतील सर्वाधिक ऐकू येणारी टीका. याच्या उत्तरात दोन गोष्टी सांगितल्या जातात. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते आणि त्यांनी पेशव्यांच्या प्रजेलाही लुटले होते. शिवाय पेशव्यांचे स्वतःचे आरमार त्यानंतरही टिकले. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. भा. कृ. आपटे यांनी मराठ्यांच्या आरमाराचा आणि व्यापारी जहाजांचा इतिहास लिहून या चर्चेला पाया दिला. अनिरुद्ध देशपांडे यांनी तंत्राची मर्यादा पुढे आणली: किनाऱ्यालगत मराठी गलबते श्रेष्ठ होती, पण खोल समुद्रात टिकणारी जड तोफांची जहाजे बांधण्याचा खर्च आणि व्यवस्था उभी राहिली नाही. म्हणून किनारा राखता आला, समुद्र नाही.

६. ताश्कंद आणि सिमला

हेच वाक्य विसाव्या शतकात नव्या लढायांना चिकटले. १९६५ च्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. २८ ऑगस्टला काश्मीरमधील हाजी पीर खिंड घेतली गेली, २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात दोन्ही देशांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचे ठरले. चव्हाण त्या शिष्टमंडळात होते. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी चव्हाणांच्या दैनंदिनीच्या आधारे लिहिलेले पुस्तक मराठी अभ्यासकांसाठी मोलाचे आहे, कारण त्यात निर्णय घेणाऱ्याची रोजची घालमेल दिसते.

टीकाकार म्हणतात, हाजी पीर सोडायला नको होती. समर्थक म्हणतात, छांब पाकिस्तानच्या ताब्यात होते, सुरक्षा परिषदेचा ठराव डोक्यावर होता, मध्यस्थी करणाऱ्या सोव्हिएत रशियाला दुखावणे परवडणारे नव्हते. हाजी पीर ठेवायची तर छांब सोडावे लागले असते.

सिमल्याबाबत, २ जुलै १९७२ च्या कराराबाबत, वाद आणखी तीव्र आहे. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हातात असताना काश्मीरचा अंतिम निकाल का लावला नाही? तेथे हजर असलेले पी. एन. धर यांनी पुढे लिहिले की ताबारेषेचे रूपांतर सीमेत करण्याची तोंडी समजूत झाली होती. पाकिस्तानी बाजूने हे नाकारले गेले. श्रीनाथ राघवन आणि चंद्रशेखर दासगुप्ता यांच्या अलीकडच्या अभ्यासांनी १९७१ चे युद्ध जागतिक राजकारणाच्या पटावर ठेवले आहे. सैनिकी विजयाला कोणत्या राजकीय मर्यादा होत्या, हे त्यातून दिसते.

येथेही वडगावचाच धडा पुन्हा भेटतो. तेथे लेखी करारही पाळला गेला नाही. मग लेखी न आलेली समजूत नंतर कोण पाळणार?

७. न सुटलेले प्रश्न

या आढाव्यात चार गाठी सुटलेल्या नाहीत.

पहिली, कारणांचा क्रम. फूट, पैसा, तंत्र आणि बातमी ही चारही कारणे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्यांतले मूळ कोणते आणि परिणाम कोणता, यावर एकमत नाही. फूट होती म्हणून पैसा विखुरला, की पैसा विखुरला म्हणून फूट पडली?

दुसरी, ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न. १८०३ मध्ये होळकर शिंद्यांच्या बाजूने उतरले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कागदात नाही. पण या प्रश्नाशिवाय कोणताही इतिहासकार १८०३ चे मूल्यमापन करत नाही.

तिसरी, साधने. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराचा मोठा भाग मोडीत आहे आणि तो अजून वाचून छापलेला नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून मोठे काम केले, तरी मोडी सहज वाचणारे तरुण अभ्यासक थोडे आहेत. आधुनिक युद्धांबाबत अडचण वेगळी आहे. १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धांचे इतिहास आणि अभिलेख वेळेत खुले करण्याचे धोरण जाहीर केले. त्याचे फळ येत्या काळात दिसेल.

चौथी, अभ्यासकांची विभागणी. लढाईचा अभ्यासक तोफेचा पल्ला मोजतो, मुत्सद्देगिरीचा अभ्यासक पत्रे वाचतो, अर्थेतिहासाचा अभ्यासक हुंड्या. तिघांनी एकाच मोहिमेचा एकत्र अभ्यास केल्याची उदाहरणे मोजकी आहेत.

८. जासईहून पाहता

वादाचा एकूण कल मात्र स्पष्ट आहे. रण आणि तह ही दोन वेगळी दालने मानण्याची पद्धत मागे पडते आहे. त्यांच्यामध्ये तिसरा शब्द घालावा लागतो: अंमल. वडगावचा करार मराठ्यांच्या बाजूचा होता, पण तो पाळायला लावण्यासाठी साष्टीच्या खाडीत ठाण मांडण्याइतके बळ त्या वेळी मोकळे नव्हते. सालबाईचा तह तुलनेने सौम्य होता आणि तो टिकला, कारण दोन्ही बाजूंना त्याचा उपयोग होता. तहाची कलमे किती चांगली, यापेक्षा ती राबवायला कोणाच्या हातात काय उरते, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

जासईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी जमिनीसाठी लढा दिला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. तो लढा लष्करी नव्हता, त्याची तुलना वडगावशी करण्याचे कारण नाही. पण तत्त्व मान्य होणे आणि भूखंड हातात पडणे यांत किती वर्षांचे अंतर असते, हे येथील घराघरांत ठाऊक आहे.

‘रणात जिंकलो, तहात हरलो’ हे वाक्य पूर्ण खोटे नाही. ते अपुरे आहे. करंजाच्या बाबतीत मराठे रणात जिंकले, वडगावच्या तहातही जिंकले, आणि १७७४ मध्ये गेलेले ते बेट पेशवाई संपेपर्यंत परत आले नाही.